सभेत दिलेली ग्वाही

सुगंधा तुरणकर बाई उच्च न्यायालयात बसल्या होत्या खऱ्या, पण जिंकण्याची आशा त्यांना फारशी नव्हती. त्यांच्या शाळेचं मैदान मंत्र्यांनी आपल्या मेव्हण्याच्या संस्थेला देऊन टाकलं होतं. बाईंनी त्याविरुद्ध याचिका केली, आणि ती आली नेमकी न्यायमूर्ती कोंडाळकरांपुढे. कोंडाळकर पूर्वी दोनदा आमदार होते, तेही याच मंत्र्यांच्या पक्षाचे. पुढे राजकारण सोडून ते वकिलीकडे वळले आणि न्यायमूर्ती झाले.

"बाई, मैदान गेलंच समजा," असं मुख्याध्यापक सकाळीच म्हणाले होते.

सुरुवातीलाच न्यायमूर्तींनी आपला जुना पक्ष सांगितला आणि कुणाची हरकत आहे का, असं विचारलं. बाईंनी मानेनेच नाही म्हटलं. मंत्र्यांचे वकील मात्र हसत उठले.

"हरकत कसली, माय लॉर्ड! गावाने मैदान राजीखुशीने दिलं, असं मंत्रीसाहेब सांगतात. आणि साहेब कधी खोटं बोलत नाहीत, हे तर आपणच आमदार असताना भर सभेत सांगितलं होतं."

कोर्टात खसखस पिकली.

"सांगितलं होतं खरं," न्यायमूर्ती शांतपणे म्हणाले. "पण वकीलसाहेब, त्या सभेत मी शपथेवर बोलत नव्हतो. आता साहेबांना हेच शपथपत्रावर लिहून द्यायला सांगा. दोन आठवडे देतो."

वकिलांचं हसू जागीच मावळलं.

दोन आठवडे बाईंना धड जेवण गेलं नाही. शेवटी मंत्र्यांनी शपथपत्रावर सही करण्यापेक्षा मैदान परत देणं पसंत केलं.