निळ्या वाटीतला मध्यम

"सांगा ना अक्का, हा तुमचाच सूर आहे की नाही?" सौमित्रने पुन्हा विचारलं.

अक्का ताकास तूर लागू देईनात. माडीवर खाटेवर पडून छताकडे बघत होत्या. खाली कृष्णा वाहत होती आणि तिच्या पाण्यावरचं ऊन खिडकीतून आत येऊन छतावर हलत होतं.

भागीरथीअक्का जलतरंग वाजवायच्या. चिनी मातीच्या वाट्यांत चमच्याने थेंब थेंब पाणी घालून सूर मिळवायचा आणि बारीक काड्यांनी वाजवायचं, यात त्यांचं आयुष्य गेलं. दिवाळीपासून मात्र हात थरथरू लागले आणि काड्या फडताळात गेल्या.

त्याआधीच त्यांच्या शिष्याने, सौमित्रने, एकेक वाटी रेकॉर्ड करून ठेवली होती. कधी हलकी वाजवून, कधी जोरात. मग पठ्ठ्या लॅपटॉप घेऊन बसला तो बसलाच. अक्कांचा खोकला, बाहेरचा कावळा, पंख्याची घरघर, सगळं कापून काढलं. सूर घासूनपुसून लख्ख केले. या नादात त्याच्या स्वतःच्या वाट्यांवर धूळ साचली, पण तिकडे बघतो कोण! आता कीबोर्डची पट्टी दाबली की अक्कांची वाटी वाजायची.

अक्कांच्या माघारी हा नाद जाईल, या धास्तीने त्याला झोप लागत नसे. लॅपटॉपवरच्या या वाद्याला तो त्यांचंच नाव देणार होता. त्यांनी एकदा 'हो, हाच' म्हणावं, एवढ्यासाठी जीव टांगणीला लागला होता.

"ती निळी वाटी आण बघू," अक्का उठून बसल्या. "आणि तांब्या."

चमचा हातात थरथरत होता, निम्मं पाणी पदरावर सांडलं. तरी थेंब घालत, नखाने टिचकी मारत, त्यांनी मध्यम, सरगमातला म, मिळवला. वाटी स्पीकरपुढे ठेवली.

"लाव तुझा मध्यम."

सौमित्रने पट्टी दाबली. गोड, स्वच्छ सूर खोलीभर पसरला.

वाटीतलं पाणी हललं नाही.

"आणखी मोठ्याने."

त्याने आवाज वाढवला. पाणी ढिम्म.

"वाटीला काही ओळख पटेना रे तुझी," अक्का म्हणाल्या.

सौमित्रला झोंबलं. "अहो, तुमचा मध्यमच जरा उतरलेला होता! मी मोजून बघितलं ना. मीच तो चढवून नेमका केला."

"बरं बाई, चुकलं माझं. मग तो चुकलेलाच लाव."

त्याने मूळ रेकॉर्डिंग टाकून दिलं नव्हतं, एवढं नशीब. शोधून काढलं. आधी खोकला ऐकू आला, मग कावळा… मग वाटी.

पाणी शहारलं. काठापासून मध्यापर्यंत बारीक वलयं उठली आणि छतावरच्या उन्हासारखी हलत राहिली. सूर विरला तरी दोघं बघतच होते.

सौमित्रचे डोळे भरून आले. "सापडला, अक्का! सगळे सूर होते तसे परत लावतो. मग तर नाव देऊ ना तुमचं?"

अक्कांनी वाटी ओंजळीत उचलली. त्यांच्या हातात पाणी नुसतं थरथरत होतं. त्या हळूहळू खिडकीपर्यंत गेल्या आणि वाटी मोगऱ्याच्या कुंडीत पालथी केली.

"अहो अक्का! काय केलंत हे? सूर गेला ना!"

"गेला," त्या म्हणाल्या, आणि रिकामी वाटी त्याच्या हातात दिली.

सौमित्रचा हात सवयीने लॅपटॉपकडे गेला… आणि मागे आला. त्याने तांब्या जवळ ओढला, खाली बसला, चमचा उचलला. पाण्याच्या अंदाजाचा त्याला काही केल्या आठव येईना. कित्येक महिन्यांत त्याने वाटी भरली नव्हती.

"किती भरू, अक्का?"

अक्का पुन्हा खाटेवर आडव्या झाल्या. डोळे मिटून घेतले.

"मी ऐकतेय."