मंजुळाआत्याचं न मोजलेलं धान्य

देवापाशी दिवा लावला आहे, बायांनो. लेकरांनाही जवळ घ्या, ही कहाणी त्यांचीच आहे.

फार वर्षांपूर्वी पांढरकोंड गावात मंजुळाआत्या राहायची. तिचा नवरा गावचा मापारी होता. खळ्यावर धान्य मोजून द्यायचं, हे त्याचं काम. तो गेला आणि त्याची लाकडी पायली आत्याच्या हाती आली. पोटचं मूल नव्हतं. म्हणून तिनं साळाईदेवीपुढे व्रत घेतलं, की गावातल्या प्रत्येक लेकराला हिशेब शिकवीन.

देवळासमोरच्या चिंचेखाली तिची शाळा भरायची. नवी पोरं अगदी बुंध्याशी बसत, चिंचोके मांडून एक-दोन मोजत. वर्ष सरलं की जरा पुढे सरकायचं. तिथे दोन ढीग एकत्र करायचे, एकातून काढून घ्यायचे, हातचा धरायचा. तिसऱ्या वर्षी पाढे. चिंचेवरचे पोपटसुद्धा पाढे म्हणत, असं म्हणतात. आणि चौथ्या वर्षी सावलीच्या कडेला बसून भाग घालायला शिकायचं. अर्धी भाकरी, पाव भाकरी, पाऊण भाकरी. आत्या म्हणायची, "मोजता आलं की मिळवता येतं. मिळवता आलं की वाटता येतं. वाटता आलं, की जा बाबा घरी, झालं तुझं शिक्षण."

मग एक वर्ष आभाळ कोरडं गेलं. दुसरं गेलं. तिसरंही गेलं. तीन वर्षं गावात खळं झालं नाही. गुरं चाऱ्यासाठी दूर धाडली. सगळ्या गावाचं मिळून एक पेव होतं, जमिनीखालचं धान्याचं कोठार. तेवढीच ज्वारी उरली.

पेव उघडायचं ठरलं, तेव्हा आत्या म्हणाली, "आधी बियाणं बाजूला काढा. बी खाल्लं तर पाऊस येऊनही काय पेराल? गाव सोडावं लागेल."

वरच्या आळीचा भिवा उसळला, "पोरं भुकेनं रडतायत आणि तू दाणा मातीत टाकायला सांगतेस? तुला काय गं, ना लेकरू ना बाळ!"

आत्याला लागलं. देवीकडे बघून तिनं हात जोडले, असं म्हणतात.

बियाणं काढायचं नाही, सगळं वाटायचं, असं ठरलं. तरी भांडण मिटेना. वरची आळी म्हणे खालच्यांचा माणूस मोजायला नको, खालची आळी म्हणे वरच्यांचा नको. रावजी पाटील कपाळाला हात लावून बसले. शेवटी तेच म्हणाले, "आत्या पायली भरेल. हिशेब तिच्या चिंचेखालची पोरं करतील. पोरं दोन्ही आळ्यांची आहेत. ती सांगतील ते खरं."

सगळ्यांनी मान डोलावली.

सकाळी खळं सारवलं. पेवातली ज्वारी वर आली, तिचे ढीग झाले. आत्या पायली भरून पुकारू लागली. बुंध्याशी बसणारी चिमणी पोरं प्रत्येक पायलीला एक चिंचोका ठेवू लागली. दुसऱ्या वर्षाच्या पोरांनी चिंचोक्यांची बेरीज केली. तिसऱ्या वर्षाच्यांनी आळ्या, घरं आणि माणसं यांचे गुणाकार केले. चौथ्या वर्षाच्यांनी भाग घातला. मोठ्यांना पुरी पायली, लेकरांना अर्धी, अंगावरच्या बाळांच्या आयांना पाव पायली वरती. मोठी माणसं एकमेकांच्या झोळ्यांवर डोळे ठेवून होती. पोरांवर कुणी संशय घेतला नाही. शेवटच्या घराची झोळी भरली आणि हिशेब संपला.

पण धान्य संपलं नव्हतं! खळ्यावर ज्वारीची रास उरली होती. माणसं बघतच राहिली. कुणी हात जोडले, कुणी देवळाकडे तोंड करून माती कपाळाला लावली.

तेवढ्यात पहिल्या वर्षाची बनी, एवढीशी पोर, आत्याच्या पदराशी आली. ओठ काढून म्हणाली, "आत्या, लाभाचा पण चिंचोका ठेवायचा असतो का गं?"

बायांनो, आपल्याकडे धान्य मोजताना पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. पण या चिमण्या पोरांनी कळत्या वयात खळं पाहिलंच नव्हतं. चिंचेखाली ती एक-दोन शिकली होती. आत्यानं दर ढिगाला "लाभ" पुकारलं, तो त्यांना देवाचा शब्द वाटला. त्यांनी हात जोडले, आणि चिंचोका ठेवला तो दोनपासून. जितके ढीग, तितक्या पायल्या हिशेबाबाहेर राहिल्या.

बनी रडू लागली. आत्यानं तिला कडेवर घेतलं. "रडू नको माझे बाई. लाभ खायचा नसतो, पेरायचा असतो."

भिवा पुढे आला. "चूक ती चूक. ही रासही वाटा."

सगळे उपाशीच होते. तेव्हा गिरजा उठली. भिवाचीच सून ती, कडेला हाडाचा सापळा झालेलं बाळ. म्हणाली, "मामंजी, लेकरांनी मोजून दिलं ते माझ्या बाळाचं. न मोजलेलं मी घेणार नाही. ते त्याच्या पुढच्या वर्षाचं आहे."

भिवानं मान खाली घातली. मग त्यानंच राशीवर आपलं घोंगडं पांघरलं.

ही चूक आत्याला पुकारतानाच कळली होती, असं काही म्हणतात. मला वाटतं, साळाईच चिमण्या हातांत येऊन बसली होती.

मृगात पाऊस आला. आत्यानं ते बी ओटीत घेतलं आणि पेरणीच्या पाभरीमागून चालू लागली. रास लहान, शिवार मोठं. पण मुठीमागून मूठ सोडली तरी ओटी तेवढीच भरलेली राहिली, असं म्हणतात. वरच्या आळीचं शेत झालं, खालच्या आळीचं झालं, विधवेचं झालं, परगावाहून आलेल्याचंही झालं. पेरणीच्या शेवटच्या ओळीला माणसांनी मागे वळून पाहिलं, तर बांधावर पायली होती, काठोकाठ भरलेली. आत्या नव्हती. ओल्या मातीत तिची पावलं होती, आणि प्रत्येक पावलात कोंब वर आला होता.

आजही पांढरकोंडात सुगी झाली, की चारही इयत्ता खळ्यावर जातात. पहिलीची मुलं मोजतात, दुसरीची मिळवतात, तिसरीची गुणतात, चौथीची वाटतात. पहिली पायली मोजत नाहीत. ज्याच्या घरी बियाणं नाही, त्याच्या दारी ती गुपचूप ठेवून येतात.

आणि शाळेतही एक रीत आहे. मध्ये एक नवे गुरुजी बदलून आले. पहिलीतल्या मुलीनं पाटीवर वर्षातलं पहिलंच गणित चुकवलं. गुरुजींनी फुली मारायला खडू उचलला, तर सगळा वर्ग ओरडला, "गुरुजी, पहिली चूक आत्याची!" गुरुजींनी खडू खाली ठेवला.

तशीच तुमचीआमची चूकही तिच्या ओटीत पडो, आणि कुणाच्या तरी शेतात उगवून येवो.