उलटे मांडलेले बूट

एकदा छावणीच्या एका गावात एक संग्राहक राहत असे. जुने सैनिकी बूट जमवणे हा त्याचा छंद. कुणी वाळवंटात झिजवलेले, कुणी बर्फात, कुणी जंगलाच्या दलदलीत; असे बूट त्याने पंधरा वर्षे भंगारवाल्यांकडून आणि लोकांच्या माळ्यांवरून शोधून काढले. ‘पायीची वहाण पायीच बरी,’ म्हणून शेजारी चिडवत. पण हौसेला मोल नसते, आणि हा गडी आपल्या हौसेत राजा होता. चामड्याची पारख आणि शिवणकाम त्याला पलटणीतल्या एका वृद्ध चर्मकाराने शिकवले होते. त्यांना तो वस्ताद म्हणे.

गावात तो या बुटांचे प्रदर्शन भरवणार होता. त्याच्या आदल्या दिवशी सकाळीच त्याने वस्तादांना मुद्दाम बोलावले. एकोणीस जोड्या तोंड दिसावे इतक्या चकाकत होत्या. मानाच्या जागी एका दिवंगत सुभेदारांचे बूट होते. त्यांच्या लेकीने ते विश्वासाने सोपवले होते. “मांडलेत की कळवा. दादांना एकदा बघून जाईन,” एवढेच ती म्हणाली होती, आणि उद्या ती येणार होती. त्या बुटांचे तळ पार झिजलेले, म्हणून संग्राहकाने आठवडाभर खपून स्वतःच्या हाताने नवे तळ शिवले होते. वस्ताद आता पाठ थोपटणार, याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

वस्ताद आले ते थेट बुटांपाशी गेले. पहिल्या जोडीपासून सुरुवात करून त्यांनी एकेक बूट उलटा ठेवायला घेतला.

“अहो वस्ताद, हे काय? उलटा जोडा म्हणजे घरात भांडण!”

“व्हायचं असेल तर आजच होऊ दे,” वस्ताद म्हणाले आणि एका तळावर बोट टेकवले. “हा बघ. टाचेची नाल गुळगुळीत, पुढचे खिळे कोरे. याचा जन्म पहाऱ्यावर उभा राहण्यात गेला. आणि हा दुसरा, अंगठ्याखाली खोलगट झालेला. हा पोरपणी अनवाणी हिंडलेला. बूट घालूनही अंगठ्याने जमीन धरायचा.”

मग त्यांनी सुभेदारांचे बूट उलटे केले. नवेकोरे तळ, एकसारखी शिवण.

“हा कोण?”

“सुभेदार... त्यांचेच बूट आहेत ते.”

“शिवण झकास आहे. पण हा कुणीच नाही.” वस्तादांचा आवाज मऊ झाला. “अरे, वरचं चामडं सरकार देतं, सगळ्यांना सारखं. तळ मात्र ज्याचा त्याने चालून घडवलेला असतो. लेक उद्या दादांना बघायला येणार, आणि दादांनाच तू काढून टाकलंस.”

संग्राहकाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण कातड्याचा तुकडाही फेकू नये, हा वस्तादांचाच शिरस्ता त्याने पाळला होता. कात्रणांच्या पोत्यातून त्याने जुने तळ शोधून काढले, आरी घेतली आणि आपलीच सुबक शिवण टाका टाका करून उसवली. वस्ताद शेजारी बसून दोऱ्याला मेण लावून देत राहिले. ऊन उतरायच्या आत जुने तळ आपल्या जागी बसले.

दुसऱ्या दिवशी सुभेदारांची लेक आली. सगळे बूट उलटे पाहून ती क्षणभर बावरली. मग डाव्या तळाच्या बाहेरच्या, पार झिजून गेलेल्या कडेवर तिने हात ठेवला.

“दादा असेच चालायचे,” ती म्हणाली, “डावीकडे कलून. गल्लीत ते पाऊल वाजलं की आई चहा ठेवायची.” आणि ती हसता हसता रडू लागली.

संग्राहकाने वस्तादांकडे पाहिले. ते एका बुटाची सैल नाडी नीट करत होते.

जुने जपणाऱ्याने आधी झीज जपावी. माणूस तिच्यातच राहिलेला असतो.