तेरा गावांनी तपासलेला राजाचा पाट

फार पूर्वी श्वेतपूर नगरात सुषेण राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच राज्याच्या दक्षिण टोकाला, वेत्रा नदी समुद्राला मिळते तिथल्या एका खाडीकाठच्या गावात जन्मला होता. त्याचे नाव क्षेमक. वयात आल्यावर त्याने वडिलांची भातशेती सांभाळली. पुढे आसपासच्या तेरा गावांनी मिळून त्याला आपल्या सभेचा प्रमुख नेमले.

त्या सभेला एक अधिकार होता. सुषेणाच्या आजोबांनी दगडावर कोरून दिले होते, की वेत्रेच्या पाण्याला हात लावायचा असेल तर ते काम आधी तेरा गावांच्या सभेने तपासावे, आणि सभेचे म्हणणे ऐकल्याशिवाय खुद्द राजानेही कुदळ मारू नये. साठ वर्षांत त्या दगडाकडे कुणी फिरकले नव्हते, कारण साठ वर्षांत नदीच्या वाटेला कुणी गेले नव्हते.

मग श्वेतपुरात पाणी पुरेनासे झाले. नगर वाढले होते, जुनी तळी गाळाने भरली होती. राजाचा एक स्थपती होता, रोहक नावाचा. वय पस्तिशीचे, बुद्धी तल्लख, आणि तिचा त्याला थोडा गर्वही होता. त्याने डोंगराच्या पायथ्याशी नदीतून पाट काढून नगरात पाणी आणण्याची योजना आखली. मातीचा सुबक नमुना करून त्याने तो दरबारात मांडला. राजा खूश झाला.

अमात्य शंकुक म्हणाला, "आता त्या खाडीवाल्यांचा होकार तेवढा राहिला. जा आणि दोन दिवसांत घेऊन ये."

पौष महिन्यात रोहक तेरा गावांत पोहोचला. सभा होड्या बांधण्याच्या लांब छपरीत बसत असे, तिला तिथे शाळा म्हणत; कारण एवढी माणसे मावतील असे दुसरे छप्पर त्या भागात नव्हते. अर्धवट होडीच्या फळ्यांवर लोक बसले होते. रोहकाने नमुना मांडून दाखवला आणि नदीत किती पाणी आहे, पाट किती नेईल, मागे किती उरेल, हे न अडखळता सांगितले.

क्षेमकाची बायको कुमुदा सभेची सदस्य होती. तिने विचारले, "हे मोजमाप कुठल्या महिन्यातलं?"

"भाद्रपदातलं."

शाळेत हशा पिकला. "भाद्रपदात आमच्या अंगणातूनसुद्धा नदी वाहते," कुमुदा म्हणाली. रोहकाचे कान तापले. पूर्ण नावाचा म्हातारा नावाडी उठून ओरडला, "पाट नको म्हणजे नको! सांगा तुमच्या राजाला."

क्षेमक मात्र हसला नव्हता. तो म्हणाला, "स्थपती, हसले ते चुकले. पण प्रश्न बरोबर आहे. सभा वैशाखाच्या अखेरीस उत्तर देईल. तोवर तुम्ही इथं राहा आणि आमच्याबरोबर नदी मोजा. दोरी तुमची, डोळे दोघांचे."

रोहकाने चिडून नगरात निरोप धाडला. राजाचे उत्तर आले : दगड आजोबांचा आहे. राहा.

म्हणून रोहक क्षेमकाच्या पडवीत राहू लागला. पूर्णाच्या धक्क्याजवळ, जिथे नदी खाडीत शिरते, तिथे खाचा पाडलेला एक खांब रोवला गेला. रोज सकाळी रोहक जाऊन पाणी कितव्या खाचेला आहे ते पाही. पहिले काही दिवस त्याला नगराची आठवण येई. मग सकाळची पेज, खाडीतले मासे, संध्याकाळी बांधावर बसून चाललेल्या गप्पा यांत तो नकळत रमला. कुमुदा त्याला चिडवी, "भाद्रपदाचे स्थपती, जेवायला चला." आता त्यालाही हसू येई.

माघात मात्र एक विचित्र गोष्ट घडू लागली. पाणी रोज बोटभर उतरू लागले. पंधरा दिवसांत ते इतके उतरले, की पाटाला द्यायला नदीत काही उरेल असे वाटेना. रोहक काळजीत पडला. आपला सगळा हिशेब असा कसा फसला, हे त्याला उमगेना.

एके सकाळी क्षेमक त्याच्याबरोबर खांबाजवळ आला. बराच वेळ तो खाली वाकून बघत राहिला. खांबावरची शेवाळाची रेघ पाण्याच्या हातभर वर आली होती, धक्क्याच्या दगडांवरची रेघ मात्र पाण्याला टेकूनच होती, आणि खांबाच्या बुडाशी चिखल ताजा उकरलेला होता. त्याने दुसऱ्या दिवशी सभा बोलावली.

सभेत रोहकासमोरच तो म्हणाला, "आपला खांब खोटं बोलला. नदी उतरली नाही, खांब रोज थोडा थोडा वर उपसला गेला."

पूर्ण उठला. "मी उपसला," तो म्हणाला. "पाट झाला तर आपण मेलो. मग खांब हातभर वर उचलला तर काय बिघडलं? क्षेमका, तू आहेस तरी कुणाचा?"

"तुमचाच, काका," क्षेमक म्हणाला. "पण उद्या वैशाखात नदी खरंच आटली आणि आपण राजाकडे गेलो, तर आपलं कोण ऐकेल?"

खांब पुन्हा मूळ जागी ठोकला गेला. पाणी जवळजवळ होते तिथेच होते. क्षेमकाने तेही सभेला सांगितले : हिवाळ्यात वेत्रेत पाटापुरते पाणी आहे, आणि त्याहूनही जास्त आहे. लोक नाराज झाले. दोन गावांनी दुसरा प्रमुख निवडावा अशी बोलणी सुरू केली. पूर्ण तर तेव्हापासून क्षेमकाशी बोलेनासा झाला.

बांधावर बसल्यावर रोहकाने विचारले, "हे माझ्यासमोर का सांगितलंत? मला कधीच कळलं नसतं."

"राजाचं काम तपासायचा हक्क आम्हाला आहे," क्षेमक म्हणाला. "तो आधी स्वतःवर वापरायला नको?"

त्या दिवसापासून रोहक पाहुण्यासारखा राहिला नाही. चैत्र उजाडला. पाणी आता खरोखर उतरू लागले, आणि कुणीही न उपसता खांबाच्या खालच्या खाचा उघड्या पडल्या. रोहकाने पुन्हा आकडे मांडले. पाट आपला वाटा घेऊन गेला तरी नदी कोरडी पडत नव्हती. पण त्याच्या मनात एक शंका होती. नदीचा लोंढा समुद्राला मागे रेटून धरतो. तो लोंढा अर्धा झाला तर?

"हे नुसत्या आकड्यांवरून कळणार नाही," तो म्हणाला. "वरच्या बाजूला नदीचा जुना फाटा आहे. पाट नेईल तेवढंच पाणी आठ दिवस तिकडे वळवून बघायला हवं. पण त्यात एखाद्या गावाची विहीर बिघडू शकते."

सभेत प्रत्येक गाव दुसऱ्या गावाकडे बघू लागले. क्षेमकाने कुमुदाकडे पाहिले. ती मान हलवून म्हणाली, "आमच्या गावची विहीर खाडीला सर्वांत जवळ आहे. आमचीच बघा. आमचं गाव तयार आहे, काल रात्रीच बोलून झालंय."

वैशाखी पौर्णिमेच्या उधाणाआधी मातीचा बांध घालून पाणी फाट्यात वळवले. पहिले चार दिवस काहीच झाले नाही. पाचव्या दिवशी भरतीचे पाणी धक्का ओलांडून आत आले. सातव्या दिवशी सकाळी कुमुदाने विहिरीतून पोहरा काढला, एक घोट घेतला आणि पोहरा रोहकापुढे धरला. त्याने ओंजळ लावली. पाणी खारट होते.

रोहक विहिरीच्या काठावर बसून राहिला. त्याला आपला मातीचा नमुना आठवला. त्यात पाट होता, नगर होते, डोंगर होता. ही विहीर नव्हती. समुद्रही नव्हता.

बांध त्याच दिवशी फोडला. पण विहीर एवढ्यात गोड होणार नव्हती. गाव शेजारच्या गावातून होडीने पाणी आणू लागले. पहिल्या सकाळी धक्क्यावर होडी तयार होती, आणि वल्ह्यावर पूर्ण बसला होता. "बस," तो क्षेमकाला म्हणाला, "हंडे पुढच्या अंगाला ठेव." एवढ्यावर त्यांचे भांडण मिटले.

वैशाख संपता संपता अमात्य शंकुक स्वतः आला. त्याने क्षेमकाला बाजूला घेऊन सांगितले, "योजना आहे तशीच मान्य करा. तुमच्या गावासाठी पाटाची वेगळी फांदी काढून देतो, बारमाही गोडं पाणी. आणि या सगळ्या प्रांताचं अधिकारपद तुमच्याकडे."

क्षेमक म्हणाला, "आणि बाकीच्या बारा गावांना मी काय सांगू? त्यांच्याकडूनच सध्या पाणी आणतोय."

शंकुक मग रोहकाकडे वळला. "पाट झाला तर तू महास्थपती. आणि आपलं मोजमाप चुकलं असं दरबारात कबूल केलंस, तर पुन्हा कुणी तुझ्या हातात दोरी देणार नाही. विचार कर."

दुसऱ्या दिवशी सभा भरली. लोकांना आता एकच शब्द हवा होता : नाही. क्षेमक उभा राहिला.

"स्थपती, श्वेतपुरात वैशाखात काय असतं ते सांगा," तो म्हणाला.

रोहक हळूहळू बोलू लागला. त्याची आई दिवस उगवायच्या आधी रांगेत उभी राहते. दोन हंड्यांसाठी दुपार होते. गेल्या उन्हाळ्यात गढूळ पाणी पिऊन त्यांच्या गल्लीतली चार मुले दगावली.

"गेले दहा-बारा दिवस माझं गावही होडीनं पाणी आणतंय," क्षेमक म्हणाला. "तहान काय असते ते आपल्याला कुणी सांगायला नको. पावसाळ्यापासून माघापर्यंत नदीत भरपूर आहे. ते जाऊ द्या. पाटाच्या तोंडाशी दार असावं. ते फाल्गुनात बंद व्हावं, आणि पाऊस पडेपर्यंत उघडू नये. नगरानं आपली तळी उपसावीत, त्यात साठवावं. दाराची किल्ली सभेकडे राहील, आणि खांब दर पंधरवड्याला नगराच्या माणसासमोर तपासला जाईल."

वाद बराच वेळ चालला. सरतेशेवटी पूर्ण म्हणाला, "ठीक आहे. पण खांबाजवळ मी बसणार." लोक हसले, आणि सभेने होकार दिला.

श्वेतपुरात राजासमोर क्षेमक आणि रोहक उभे राहिले. शंकुक आधीच आसनाजवळ होता. राजाने विचारले, "रोहका, तुझी योजना बरोबर होती ना?"

रोहकाने एकदा शंकुकाकडे पाहिले. मग तो म्हणाला, "महाराज, मी भाद्रपदात मोजलं आणि वर्षभराचं सांगितलं. चूक माझी आहे. तशीच राबवली असती, तर तेरा गावांच्या विहिरी खारट झाल्या असत्या. सभेनं सुधारलेली योजना बरोबर आहे. ती मी बांधून देईन."

राजाने क्षेमकाला विचारले, "आता तुझ्या विहिरीचं पाणी कसं आहे?"

"खारट, महाराज. पाऊस पडला की सुधारेल."

"आणि तरीही तू माझ्या नगराला पाणी द्यायला निघालास."

"नदीत आहे तेवढं, महाराज."

राजाने तळ्यांचा गाळ काढण्याची आज्ञा दिली, आणि पाट बांधण्याचे काम रोहकाकडेच ठेवले. "आपली चूक स्वतःच्या तोंडाने सांगतो त्याच्या मोजमापावर माझा विश्वास आहे," असे तो म्हणाला. तिसऱ्या वर्षी नगरात पाणी आले. दर फाल्गुनात सभा जाऊन दार लावी, आणि तळ्यांच्या भरवशावर नगर उन्हाळा काढी. सुषेणाच्या राज्यात त्या दारावरून पुन्हा तंटा झाला नाही. क्षेमक आयुष्यभर सभेची सेवा करून आपल्या कर्मानुसार परलोकी गेला.

एवढे सांगून शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, त्या जन्मीची माणसे ओळखून दिली. "भिक्षूंनो, तेव्हाचा सुषेण राजा म्हणजे आज माझ्याजवळ बसलेला आनंद. पूर्ण नावाडी म्हणजे आपला हट्टी छन्न. कुमुदा म्हणजे राहुलमाता. आपली चूक भर दरबारात सांगणारा रोहक म्हणजे सारिपुत्त. अमात्य शंकुक या सभेतच आहे, त्याला त्याचे माहीत आहे, आणि त्याने मान वर करायला हरकत नाही. आणि क्षेमक म्हणजे मीच होतो. लाभासमोर खरे बोलणे त्या मानाने सोपे आहे. आपल्याच माणसांसमोर, त्यांच्याच भल्यासाठी, त्यांना न रुचणारे खरे बोलणे अवघड. त्या जन्मी मी जी साधली, ती सत्यपारमिता, सत्याची पूर्णता."