तुळाजीचा मोर

फार वर्षांपूर्वी, गडावर अजून नगारा वाजायचा तेव्हा, पायथ्याच्या कडेवाडीत तुळाजी जिनगर बंदुका घडवायचा. तापलेली लोखंडी पट्टी सळईभोवती गुंडाळून तो नळी ठोकायचा, आणि शिसवीचा दस्ता इतका घासायचा की त्यावरून माशीसुद्धा घसरायची, असं म्हणतात. नक्षीला बसला की त्याला तहानभूक राहायची नाही. एक दिवस हा भाकरी समजून छिन्नी चावील, असं त्याची बायको म्हाळसाई आळीभर सांगत फिरायची.

एकदा किल्लेदारानं त्याच्याकडून बंदूक मागवली. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा झाली की पहिला बार हिचाच होणार होता. बार झाला नाही तर भाता गुंडाळून गाव सोडायचं, असा निरोपही सोबत आला.

तुळाजीनं त्या बंदुकीत जीव ओतला. नळीवर चांदीच्या तारेच्या वेली चढवल्या आणि बुडाशी मोर काढला. आधी पिसारा, मग तुरा आणि अगदी शेवटी डोळा. तो डोळा झाल्यावर रानातले मोर त्याच्या दारात येऊन बसायला लागले, असं म्हणतात.

खंडेनवमीला सगळं गाव गडावर जमलं. शिपाई दारू ठासायला पुढे झाला आणि थबकला. नळीला कानच नव्हता. ज्या बारीक भोकातून बत्तीची आग दारूपर्यंत पोचते, तेच तुळाजी पाडायला विसरला होता. भोकाच्या जागी मोराचा डोळा होता.

लोक हसायला लागले. किल्लेदारानं फर्मावलं, भोक आत्ता इथंच पाड. तुळाजीनं भोक पाडायच्या सामत्याचं टोक मोराच्या डोळ्यावर टेकवलं. दोरी ओढायची तेवढी बाकी होती, पण त्याचा हात हलेना. हे गाव सोडून आपण कुठं जाणार, हे त्याला सुचत नव्हतं. तरी हात हलेना.

"सरकार," तो म्हणाला, "गाव सोडून जातो. पर ह्या मोराला माझ्या हातानं आंधळा करायला सांगू नका."

किल्लेदारानं बंदूक हातात घेतली आणि उन्हाकडे वळवली. वेलींवरून बोट फिरवत तो ऊन कलेपर्यंत नुसता बघत राहिला. तेवढ्यात नळीतून मोर ओरडला आणि तो आवाज खालच्या शिवारापर्यंत गेला, असं म्हणतात.

"उडणाऱ्या बंदुका गडावर पुष्कळ आहेत," किल्लेदार म्हणाला. "ही बघायला राहू दे. आणि तूही राहा."

म्हाळसाई आधी रडली, आणि मग घरी पोचेपर्यंत नवऱ्याला त्याच्या विसराळूपणाबद्दल बोलत राहिली.

ती बंदूक पुढे कुठं गेली, कुणाला ठाऊक नाही. पण कडेवाडीत आजही नवी वस्तू आली की पहिला दिवस ती वापरत नाहीत. पाळणा असो, नांगर असो, चावडीपुढे तुळाजीच्या नावानं ठेवतात, आणि येणाराजाणारा थांबून हात फिरवून बघतो. परवा कुणाचा तरी नवा ट्रॅक्टर असाच दिवसभर उभा होता. एका म्हातारीनं त्याला चारी बाजूंनी न्याहाळलं.

"चांगला हाय," ती म्हणाली. "तुळाजी असता तर एक मोर काढला असता ह्याच्यावर."