नदीत विरघळलेलं मीठ

तुमच्या आजोबांच्याही आजोबांना जुनी वाटायची, इतकी जुनी ही गोष्ट आहे.

समुद्राकाठचं मीठ बैलांवर लादून घाटावर नेणारा एक तांडा होता. त्याचा नायक आता म्हातारा झाला होता. गुडघे कुरकुरायचे, चालता चालता डोळे मिटायचे. ही खेप पोचली की नायकपणाची काठी मुलीच्या हाती द्यायची आणि स्वस्थ बसायचं, एवढीच त्याची इच्छा उरली होती.

तांड्याची एक रीत होती. मिठाच्या गोण्या सुरगाठीनं बांधायच्या. एखादं जनावर अंगावर आलं, की गाठ ओढून ओझं टाकायचं आणि बैल मोकळा करायचा.

या खेपेला नदी ओलांडताना पुढच्या बैलाच्या नाकाशी पाण्यातून काहीतरी काळं वर आलं. बैल बुजला.

"मगर! मगर!" कुणीतरी ओरडलं.

मग काय विचारता! मागच्यांना काहीच दिसलं नव्हतं, तरी त्यांचीच घाबरगुंडी जास्त उडाली. जो तो गाठ ओढू लागला. नायकानंही ओढली. गोण्या धपाधप पाण्यात पडल्या आणि माणसं एकमेकांना ढकलत काठावर धावली.

नायकाची मुलगी तेवढी मागे राहिली. तिचाही हात गाठीवर गेला होता. पण ओढण्याआधी तिनं मान वळवून पाहिलं. एक पाणमांजर तोंडात मासा धरून पलीकडे निघालं होतं.

"बाबा, पाणमांजर आहे हो," ती म्हणाली.

माणसं गोण्या काढायला परत पाण्याकडे वळली. मीठ पाण्यात केव्हाच विरघळलं होतं.

"तुला भीती नाही वाटली, पोरी?" नायकानं विचारलं.

"वाटली की!"

"मग गाठ का नाही ओढलीस?"

"ओढणारच होते. म्हटलं, कशाला भ्यायचंय ते तरी बघू."

तिच्या बैलावरचं मीठ तेवढं उरलं. घाटावरच्या घरांनी ते चिमूट चिमूट वाटून घेतलं. पावसाळ्याआधी आणखी एक खेप करणं भाग होतं. नायकानं काठी मुलीला दिली खरी, पण बसणं काही त्याच्या नशिबी आलं नाही. ठणकते गुडघे घेऊन, तिच्या मागून, तो बिचारा पुन्हा समुद्राकडे उतरू लागला.

भीती कुणालाही वाटेल. पण हातातलं सोडून देण्याआधी ती कशाची आहे, हे एकदा डोळ्यांनी बघावं.