साळुंकीची अट

एका राज्यात शशिप्रभा नावाची राणी राज्य करीत होती. रूप देखणं, पण मिजास मोठी. देवाला अखंड पान लागतं, मग मला का नको, असं म्हणायची. बागेत अळीने कुरतडलेलं पान दिसलं की माळ्याच्या पाठीवर चाबूक पडे. धूम्राक्ष जादूगाराने हे हेरलं आणि समुद्रापलीकडची झाडं आणून दिली. त्यांना ना अळी शिवे, ना मधमाशी. राणी हरखली. तिने राज्यातले बहावे, करंज, धायटी मुळासकट उपटायला लावली.

आंब्याला मोहर आला, फळ धरलं नाही. घरट्यांत पिलं मरू लागली. तेव्हा एक साळुंकी राणीच्या मंचकावर येऊन बसली.

"राणी, पिलांच्या चोचीत घालायला मला अळी मिळाली नाही. पिलं सगळी गेली. आता तुझी लेक अळी होईल."

आणि राजकन्या चारुमती आईच्या मांडीवरच अळी झाली. सरपटत बागेत गेली, दिसेनाशी झाली. करावं तसं भरावं, हे म्हणणाऱ्याचं काय जातं? भरायची पाळी लेकरावर येते तेव्हा कळतं. राणीने पदर पसरला.

"उःशाप दे, बाई."

"परकी झाडं स्वतःच्या हातांनी उपट. डोंगरातून बहाव्याचं बी आणून लाव. तिसरं, अळ्या आल्या की पाखरं येतील. एकालाही हाकलायचं नाही."

"त्यांत माझी चारू असेल!"

"माझी पिलंही माझीच होती."

राणीने झाडं उपटली. हात सोलून निघाले. शेवटचं झाड निघताच, त्या झाडांतच जीव असलेल्या धूम्राक्षाची राख झाली. कोणी हळहळलं नाही. बी पेरलं तसे बहावे कमरेएवढे झाले, पानोपानी हिरव्या अळ्या आल्या. सगळ्या सारख्या.

मग पाखरं उतरली. राणीने हात पदरात गुंडाळले. "चारू, तू कुठली गं?" ती पुटपुटत राहिली. चोचींमागून चोची भरल्या. ती रडत होती, पण हलली नाही.

अखेर एक कोश उरला. तो उकलला आणि चारुमती बाहेर आली. राणी धावली.

"माझ्या शेजारचीला उचललं," चारुमती म्हणाली. "मी तुला हाका मारत होते."

"हात उचलला असता तर तू सुटली नसतीस, बाळा."

"ठाऊक आहे."

शाप सुटला. आंबे लगडले, घरटी भरली, प्रजा सुखी झाली. चारुमती रोज सकाळी राणीच्या पाया पडे, 'महाराणी' म्हणे. आई मात्र पुन्हा कधी म्हणाली नाही.